अमेरिकन फुटबॉलमधील आघाडीच्या फळीचे मूल्यमापन

अमेरिकन फुटबॉल या खेळात चेंडू ज्या संघाच्या ताब्यात असतो, त्या संघाच्या पुढच्या ओळीत उभ्या राहणाऱ्या पाच खेळाडूंच्या गटास ऑफेन्सिव्ह लाइन किंवा आक्रमणाची आघाडीची फळी असे म्हणतात. या फळीने आपले काम कितपत चोख बजावले हे ठरविण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. त्यांत चित्रफितींवरून केलेले गुणांकन, सामन्यांच्या नोंदींवरून काढलेले दर आणि खेळाडूंच्या हालचालींच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी यांचा समावेश होतो. फळीतील खेळाडू एरवी चेंडू फेकत नाहीत, झेलत नाहीत आणि गुणही मिळवीत नाहीत. त्यामुळे पारंपरिक आकडेवारीत त्यांच्या नावापुढे फारसे काही लिहिले जात नाही. फळीचे यश म्हणजे बहुधा काही अनिष्ट न घडणे होय. अपयश मात्र सर्वांच्या नजरेस पडते. म्हणूनच या गटाचे मूल्यमापन हा खेळाच्या विश्लेषणातील अवघड प्रश्न मानला जातो.

फळीची रचना आणि काम

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघास दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. अशा प्रत्येक संधीस डाउन म्हणतात. प्रत्येक चाल स्क्रिमेज रेषा या काल्पनिक रेषेवरून सुरू होते. फळीच्या मध्यभागी उभा असलेला सेंटर हा खेळाडू चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो; या क्रियेस स्नॅप म्हणतात. सेंटरच्या दोन्ही बाजूंस एकेक गार्ड आणि गार्डच्या बाहेरच्या बाजूस एकेक टॅकल असतो. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत या पाच जणांना ५० ते ७९ यांमधील क्रमांक दिले जातात. हे क्रमांक असलेले खेळाडू सामान्य परिस्थितीत पास झेलण्यास पात्र नसतात.

फळीची मुख्य कामे दोन आहेत. पास-चालीत क्वार्टरबॅक हा खेळाडू चेंडू पुढे फेकण्यासाठी थोडा वेळ मागे थांबतो. या वेळात प्रतिस्पर्धी बचावपटू त्याच्यावर धावून येतात आणि त्यांना थोपवून धरणे हे फळीचे काम असते. धाव-चालीत रनिंग बॅक हा खेळाडू चेंडू घेऊन पळतो. त्याच्यासाठी बचावपटूंना बाजूला सारून वाट मोकळी करणे हे फळीचे दुसरे काम होय. पहिल्या कामात खेळाडू मागे सरकत, तोल सांभाळत समोरच्याचा जोर पचवतो. दुसऱ्या कामात तो स्वतः पुढे जोर लावतो. एका कामात निपुण असलेला खेळाडू दुसऱ्यात तितकाच निपुण असेल असे नाही. म्हणून दोन्ही कामांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करण्याची प्रथा आहे.

मूल्यमापनाचे महत्त्व

फळीच्या कामगिरीशी क्वार्टरबॅकची शारीरिक सुरक्षितता थेट जोडलेली आहे. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी झालेल्या सामन्यात न्यू यॉर्क जायंट्सचे लॉरेन्स टेलर यांनी वॉशिंग्टनचे क्वार्टरबॅक जो थाइझमन यांना खाली पाडले. त्यात थाइझमन यांच्या पायाचे हाड मोडले आणि त्यांची कारकीर्द तेथेच संपली. दूरचित्रवाणीवर असंख्य लोकांनी पाहिलेल्या या प्रसंगाचा उल्लेख फळीच्या महत्त्वाविषयीच्या चर्चेत वारंवार येतो. मायकेल लुइस यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्लाइंड साइड’ या पुस्तकाची सुरुवातही याच प्रसंगाने होते. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ फेकीच्या वेळी डाव्या बाजूकडे असते, म्हणून ती बाजू सांभाळणाऱ्या डाव्या टॅकलला विशेष महत्त्व आले, हे त्या पुस्तकातील एक प्रमुख प्रतिपादन आहे.

दुसरे कारण आर्थिक आहे. एनएफएलमध्ये १९९३ पासून करार संपलेल्या खेळाडूंना दुसऱ्या संघाशी मुक्तपणे करार करण्याची मुभा मिळाली आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा आली. एका खेळाडूवर अधिक खर्च केला की दुसऱ्यासाठी कमी रक्कम उरते. त्यामुळे ज्याच्या नावावर ठळक आकडे नाहीत अशा खेळाडूची किंमत ठरवायची कशी, हा प्रश्न संघांपुढे व खेळाडूंपुढेही उभा राहिला. चुकीच्या मापाने मोजल्यास चांगला लाइनमन बदनाम होतो आणि संघही गरज नसलेल्या जागी पैसे खर्च करून बसतो.

मूळ अडचण

फळीच्या मूल्यमापनातील अडचणी मुख्यतः तीन आहेत.

पहिली अडचण श्रेय व दोष यांच्या वाटपाची आहे. क्वार्टरबॅक खाली पाडला गेला, तर त्याचे कारण फळीतील एखाद्याची चूक असू शकते. परंतु क्वार्टरबॅकने चेंडू हातात फार वेळ धरून ठेवणे, पास झेलणारे खेळाडू मोकळे न होणे, मदतीस ठेवलेल्या रनिंग बॅकने नेमून दिलेला बचावपटू सोडून देणे किंवा प्रशिक्षकाने निवडलेली चालच सदोष असणे, ही कारणेही तितकीच संभवतात.

दुसरी अडचण परस्परावलंबनाची आहे. कबड्डीत साखळी धरणाऱ्या खेळाडूंपैकी एकाची पकड सुटली की चढाई करणारा निसटतो आणि उरलेल्यांचे श्रम वाया जातात. आघाडीच्या फळीचेही तसेच आहे. साध्या गणिताने हे स्पष्ट होते. समजा, फळीतील प्रत्येक खेळाडू दहांपैकी नऊ वेळा समोरच्याला यशस्वीपणे थोपवतो आणि प्रत्येकाचे यश इतरांपासून स्वतंत्र आहे. तर पाचही जण एकाच चालीत यशस्वी होण्याची शक्यता केवळ सुमारे ५९ टक्के उरते. प्रत्येकाचे यश ९५ टक्क्यांवर गेले, तर ती शक्यता सुमारे ७७ टक्के होते. वैयक्तिक पातळीवरील लहानसा फरक सांघिक पातळीवर किती मोठा होतो, हे यावरून दिसते. प्रत्यक्षात हे यश परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र नसते. दोन खेळाडू मिळून एका बचावपटूस अडवतात, तसेच दुबळ्या सहकाऱ्यास शेजारचा खेळाडू आधार देतो. त्यामुळे वैयक्तिक माप काढणे आणखी कठीण होते.

तिसरी अडचण नेमून दिलेल्या कामाविषयीची आहे. एखाद्या चालीत कोणत्या लाइनमनने कोणास अडवायचे होते, हे केवळ त्या संघालाच निश्चित ठाऊक असते. बाहेरून पाहणाऱ्यास एखादा बचावपटू डाव्या गार्डच्या शेजारून मोकळा सुटलेला दिसतो. परंतु त्याला अडविण्याची जबाबदारी सेंटरची किंवा रनिंग बॅकची असू शकते.

पास-संरक्षणाचे मूल्यमापन

सॅक. चेंडू फेकण्यापूर्वी क्वार्टरबॅकला स्क्रिमेज रेषेच्या मागे खाली पाडणे याला सॅक म्हणतात. एनएफएलने बचावपटूंच्या वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून सुरू केली. फळीने किती सॅक होऊ दिले, हे मोजण्यास सर्वांत सोपे व सर्वांत परिचित माप आहे. १९८६ च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सच्या क्वार्टरबॅकना एकूण १०४ वेळा पाडण्यात आले, तर १९८८ मध्ये मायामी डॉल्फिन्सने सोळा सामन्यांच्या हंगामात केवळ ७ सॅक होऊ दिले. या दोन आकड्यांतील अंतर प्रचंड असले तरी ते सर्वस्वी फळीचे नव्हे. डॉल्फिन्सचे क्वार्टरबॅक डॅन मरीनो हे चेंडू अत्यंत झटपट फेकण्याबद्दल प्रसिद्ध होते. अशा क्वार्टरबॅकपुढील फळीस फार काळ तग धरावा लागत नाही.

सॅकच्या नुसत्या संख्येपेक्षा सॅकचा दर अधिक न्याय्य ठरतो. समजा, एका संघाने हंगामात ६०० पास-चाली खेळून ३० सॅक दिले व दुसऱ्याने ४०० चालींत २४ दिले. संख्येने पाहता दुसरा संघ सरस वाटतो. परंतु पहिल्याचा दर ५ टक्के आणि दुसऱ्याचा ६ टक्के आहे. सतत पिछाडीवर असलेल्या संघास अधिक पास खेळावे लागतात आणि बचावपटूंनाही ते आधीच ठाऊक असते. म्हणून काही विश्लेषक डाउन, उरलेले अंतर व प्रतिस्पर्ध्याची ताकद लक्षात घेऊन या दरात सुधारणा करतात.

दबाव. सॅक ही तुलनेने क्वचित घडणारी घटना आहे. क्वार्टरबॅक पाडला गेला नाही, तरी त्याला घाईने चेंडू फेकावा लागणे, जागा सोडून पळावे लागणे किंवा फेकीबरोबरच धक्का बसणे यांमुळेही चाल बिघडते. सॅक, धक्का व घाई या तिन्ही मिळून होणाऱ्या घटनांना दबाव असे म्हटले जाते. दबावाचे प्रसंग सॅकपेक्षा कितीतरी अधिक असल्याने त्यांच्या दरावर योगायोगाचा परिणाम कमी होतो. मात्र कोणत्या प्रसंगास दबाव म्हणावे हे पाहणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असल्याने निरनिराळ्या संस्थांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत. दोन संघांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच संस्थेचे असणे आवश्यक ठरते.

दबावाचे सॅकमध्ये रूपांतर होण्याचे प्रमाण हे उपमापही उपयुक्त आहे. फळीवरील दबाव बेताचा असूनही सॅक अधिक होत असतील, तर क्वार्टरबॅक संकट वेळीच ओळखत नाही किंवा चेंडू सोडून देत नाही, असा निष्कर्ष निघू शकतो. एकाच फळीमागे खेळणाऱ्या दोन क्वार्टरबॅकच्या सॅक-दरांत मोठा फरक दिसला, तर हा निष्कर्ष बळावतो.

संरक्षण विजय-दर. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०१८ मध्ये पास-संरक्षणाचा विजय-दर हे माप प्रचारात आणले. स्नॅपनंतर लाइनमनने समोरच्या बचावपटूस अडीच सेकंद किंवा त्याहून अधिक काळ रोखून धरले, तर तो त्याचा विजय मानला जातो. क्वार्टरबॅकने चेंडू चार सेकंद धरून ठेवला आणि मग तो पाडला गेला, तरी अडीच सेकंद टिकलेल्या लाइनमनकडे त्याचा दोष येत नाही, हा या मापाचा मुख्य गुण होय. अडीच सेकंदांची ठरावीक सीमा हीच त्याची मर्यादाही आहे. दोन सेकंदांत संपणाऱ्या चालीत आणि दूरच्या पासासाठी आखलेल्या दीर्घ चालीत लाइनमनकडून असणारी अपेक्षा सारखी नसते.

धाव-चालींचे मूल्यमापन

प्रत्येक धावेमागे मिळालेले सरासरी यार्ड हे धाव-चालींचे परंपरागत माप आहे. परंतु त्यात फळी आणि रनिंग बॅक यांचे श्रेय मिसळलेले असते. एकच सत्तर यार्डांची धाव सरासरी एकदम वर नेते; तीतील पहिले चार-पाच यार्ड फळीने मिळवून दिलेले असले, तरी पुढची मजल बहुतांशी धावपटूच्या वेगाची असते.

ही मिसळ वेगळी करण्यासाठी फुटबॉल आउटसायडर्स या संकेतस्थळाने समायोजित फळी-यार्ड हे माप तयार केले. त्यात मागे गमावलेल्या यार्डांस १२० टक्के, शून्य ते चार यार्डांस १०० टक्के, पाच ते दहा यार्डांस ५० टक्के आणि त्यापुढील यार्डांस शून्य टक्के भार दिला जातो. उदाहरणार्थ, पंधरा यार्डांच्या धावेत पहिल्या चार यार्डांचे चार, पुढील सहा यार्डांचे तीन आणि उरलेल्या पाचांचे शून्य, असे एकूण सात यार्ड फळीच्या खात्यात जमा होतात. दोन यार्ड मागे ढकलल्या गेलेल्या धावेबद्दल उणे २.४ यार्ड धरले जातात. यानंतर डाउन, अंतर, प्रतिस्पर्धी इत्यादी बाबींनुसार हा आकडा समायोजित केला जातो. रेषेच्या मागेच धाव अडली तर दोष प्राधान्याने फळीचा आणि दूरवर गेली तर श्रेय प्राधान्याने धावपटूचे, हे या मापामागील तत्त्व आहे.

याखेरीज पुढील उपमापेही वापरली जातात:

पहिल्या संपर्कापूर्वीचे यार्ड – बचावपटूचा पहिला स्पर्श होण्याआधी धावपटूने कापलेले अंतर. वाट किती मोकळी होती याचा त्यावरून अंदाज येतो.

अल्प अंतरातील यश – तिसऱ्या किंवा चौथ्या डाउनवर एक-दोन यार्डच हवे असताना ते मिळविण्याचे प्रमाण. अशा वेळी धाव होणार हे सर्वांना ठाऊक असते आणि फळीच्या निखळ बळाची परीक्षा होते.

अडलेल्या धावा – स्क्रिमेज रेषेवर किंवा तिच्या मागे संपलेल्या धावांचे प्रमाण.

धावपटूची शैलीही या मापांवर परिणाम करते. डेट्रॉइट लायन्सचे बॅरी सँडर्स हे मोठ्या धावेच्या शोधात वारंवार दिशा बदलत. त्यामुळे त्यांच्या अनेक धावा रेषेच्या मागे संपत आणि अनेक अतिशय दूरवर जात. १९९७ मध्ये त्यांनी २,०५३ यार्ड पळून काढले. अशा धावपटूपुढील फळीचे अडलेल्या धावांचे प्रमाण वाईट दिसले, तरी ते तिचेच अपयश आहे असे म्हणता येत नाही.

याउलट उदाहरण डेन्व्हर ब्रॉन्कोजचे आहे. १९९५ पासून अ‍ॅलेक्स गिब्ज यांच्या प्रशिक्षणाखाली या संघाच्या फळीने क्षेत्रवार अडवणुकीची पद्धत अंगीकारली. या पद्धतीत लाइनमन विशिष्ट खेळाडूऐवजी विशिष्ट जागेची जबाबदारी घेऊन एकाच दिशेने एकत्र सरकतात. १९९८ मध्ये टेरेल डेव्हिस यांनी २,००८ यार्ड मिळवले. पुढच्या वर्षी ते जायबंदी झाल्यावर ओलांडिस गॅरी यांनी १,१५९ आणि २००० मध्ये माइक अँडरसन यांनी १,४८७ यार्ड मिळवले. गॅरी व अँडरसन दोघेही त्या-त्या वर्षी एनएफएलमध्ये नवखे होते. धावपटू बदलूनही धावांचे प्रमाण टिकून राहिले, तर श्रेयाचा मोठा वाटा फळीकडे व तिच्या पद्धतीकडे जातो, हे ठरविण्यासाठी हे उदाहरण नेहमी दिले जाते.

चित्रफितीवरून गुणांकन

आकडेवारी उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून प्रशिक्षक सामन्याची चित्रफीत पाहून लाइनमनांना गुण देत आले आहेत. सर्वसाधारण पद्धतीत प्रत्येक चालीतील प्रत्येक लाइनमनला अधिक किंवा उणे खूण दिली जाते. योग्य खेळाडूस अडवले का, पाय, हात व तोल यांचे तंत्र बरोबर होते का आणि चाल संपेपर्यंत जोर टिकवला का, असे प्रश्न त्यामागे असतात. अधिक खुणांचे एकूण चालींशी असलेले प्रमाण टक्क्यांत मांडले जाते. नेमून दिलेले काम प्रशिक्षकास माहीत असल्याने ही पद्धत दोषाच्या वाटपाबाबत सर्वांत विश्वसनीय असते. मात्र तिचे निष्कर्ष सहसा संघाबाहेर जात नाहीत.

प्रो फुटबॉल फोकस या संस्थेने हीच कल्पना सर्व संघांना लागू केली. तिचे विश्लेषक प्रत्येक खेळाडूस प्रत्येक चालीसाठी उणे दोन ते अधिक दोन या पट्टीवर अर्ध्या गुणाच्या टप्प्यांनी गुण देतात. अपेक्षेप्रमाणे काम झाले तर शून्य गुण मिळतो. या गुणांवरून पुढे ० ते १०० या पट्टीवरील श्रेणी काढली जाते. या पद्धतीत चालीच्या फलितापेक्षा खेळाडूच्या कृतीस महत्त्व असते. लाइनमन पराभूत झाला, पण पास तेवढ्यात सुटला, तरी त्यास उणे गुण मिळतो. नेमून दिलेल्या कामाविषयी विश्लेषकास करावा लागणारा अंदाज, हा या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप आहे.

चित्रफितीची जातही महत्त्वाची असते. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूचा पाठलाग करतो. उंचावरून बावीसही खेळाडू दाखविणारी चित्रफीत प्रशिक्षक वापरतात. एनएफएलने ती २०१२ पासून सर्वसामान्य वर्गणीदारांनाही उपलब्ध करून दिली. त्यामुळे संघाबाहेरील अभ्यासकांनाही फळीचे काम बारकाईने पाहता येऊ लागले.

हालचालींच्या नोंदी

एनएफएलच्या सर्व मैदानांवर २०१५ पासून खेळाडूंच्या खांद्यांवरील संरक्षक कवचात रेडिओ लहरींवर चालणाऱ्या चकत्या बसविल्या जातात. त्यांच्या साहाय्याने प्रत्येक खेळाडूचे स्थान सेकंदाला दहा वेळा नोंदले जाते. ईएसपीएनचा विजय-दर याच नोंदींवर आधारलेला आहे. लाइनमन आणि बचावपटू यांच्यातील अंतर, बचावपटूची क्वार्टरबॅककडे सरकण्याची गती, क्वार्टरबॅकभोवती मोकळी राहिलेली जागा इत्यादी गोष्टी यामुळे मोजता येतात. एनएफएलने भरविलेल्या बिग डेटा बोल या विश्लेषण-स्पर्धेच्या २०२३ च्या आवृत्तीचा विषयही पास-चालींतील लाइनमनांचे मूल्यमापन हाच होता.

या नोंदींतून खेळाडू कोठे होता हे कळते. परंतु त्याचे हात कोठे होते, त्याने जोर कसा लावला, पाय किती खाली रोवले, हे कळत नाही. त्यामुळे चित्रफितीची जागा या तंत्राने घेतलेली नाही.

दंड, उपलब्धता आणि सातत्य

लाइनमनच्या मूल्यमापनात त्याच्यामुळे संघास झालेल्या दंडांचाही विचार केला जातो. प्रतिस्पर्ध्यास नियमबाह्य रीतीने धरून ठेवल्यास होल्डिंगचा दहा यार्डांचा आणि स्नॅपपूर्वी हालचाल केल्यास फॉल्स स्टार्टचा पाच यार्डांचा दंड होतो. १९७८ मध्ये एनएफएलने पास-संरक्षणात हात लांब करून उघड्या तळव्यांचा उपयोग करण्यास परवानगी दिली, त्यामुळे लाइनमनचे काम काहीसे सुकर झाले. म्हणून १९७८ पूर्वीच्या व नंतरच्या फळींची आकड्यांवरून थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

खेळाडू किती चालींसाठी उपलब्ध होता, हेही एक माप आहे. फळीचे काम इशारे, सराव आणि शेजाऱ्याच्या सवयींच्या माहितीवर चालते. तेच पाच जण सलग खेळले तर समन्वय वाढतो, असे प्रशिक्षक मानतात. वारंवार दुखापती होऊन खेळाडू बदलत राहिलेल्या फळीचे हंगामभराचे सरासरी आकडे कोणत्याही एका गटाचे खरे चित्र दाखवीत नाहीत.

काही बोलकी उदाहरणे

७ फेब्रुवारी २०२१ रोजी झालेल्या पंचावन्नाव्या सुपर बोल सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्स संघास टँपा बे बकनीअर्सने ३१–९ असे हरवले. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर व मिचेल श्वार्ट्झ, दुखापतींमुळे खेळू शकले नाहीत. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स यांच्यावर ईएसपीएनच्या नोंदीनुसार २९ वेळा दबाव आला. सॅक मात्र तीनच झाले. केवळ सॅक मोजणाऱ्यास फळीची कामगिरी साधारण वाटली असती; प्रत्यक्षात चीफ्सला संपूर्ण सामन्यात एकही टचडाउन करता आला नाही.

यानंतर चीफ्सने फळीची जवळजवळ नव्याने उभारणी केली. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी सत्तावन्नाव्या सुपर बोलमध्ये त्यांची गाठ फिलाडेल्फिया ईगल्सशी पडली. ईगल्सच्या बचावाने त्या नियमित हंगामात ७० सॅक केले होते. या सामन्यात त्यांना एकही करता आला नाही आणि चीफ्सने तो ३८–३५ असा जिंकला. मैदान निसरडे होते अशी टीका त्या वेळी झाली आणि निसरड्या जमिनीवर धावून येणाऱ्यांचे नुकसान अधिक होते. एका सामन्याच्या शून्यावरून फळीची प्रतवारी ठरवू नये, हेही याच उदाहरणातून दिसते.

फळी दुबळी असूनही संघ जिंकू शकतो. २२ जानेवारी २०२२ रोजी सिनसिनाटी बेंगल्सचे क्वार्टरबॅक जो बरो नऊ वेळा पाडले गेले, तरीही बेंगल्सने टेनेसी टायटन्सवर १९–१६ असा विजय मिळवला. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये मात्र बरो सात वेळा पाडले गेले आणि लॉस एंजेलिस रॅम्सने बेंगल्सना २३–२० असे हरवले.

संघाच्या यशावरून व्यक्तीचे माप काढणे किती फसवे असते, याचे ठळक उदाहरण म्हणजे जो थॉमस. क्लीव्हलंड ब्राउन्सचे डावे टॅकल असलेले थॉमस २००७ ते २०१७ या काळात सलग १०,३६३ चाली खेळले. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी दंडाच्या स्नायूला झालेल्या दुखापतीने ही मालिका खंडित झाली. या काळात ब्राउन्सने असंख्य क्वार्टरबॅक बदलले, २०१६ मध्ये सोळांपैकी एकच सामना जिंकला आणि २०१७ मध्ये एकही जिंकला नाही. थॉमस यांना हंगामानंतरच्या बाद फेरीचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. तरीही पात्र होताच, २०२३ मध्ये, त्यांचा समावेश प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये झाला. संघाच्या जय-पराजयापलीकडे जाऊन प्रत्येक चालीतील त्यांचे काम पाहिले गेले, म्हणूनच हे शक्य झाले.

निवडपूर्व चाचण्या व पुरस्कार

महाविद्यालयीन खेळाडूंच्या शारीरिक क्षमतेची चाचणी १९८७ पासून दरवर्षी इंडियानापोलिस येथे घेतली जाते. उंची, वजन, हातांची लांबी, चाळीस यार्डांची धाव, दिशा बदलण्याचा वेग तसेच २२५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १०२ किलोग्रॅमचे, वजन किती वेळा उचलता येते, हे तीत पाहिले जाते. लाइनमनला सलग चाळीस यार्ड धावण्याचा प्रसंग क्वचित येतो. म्हणून त्याच्या बाबतीत पहिल्या दहा यार्डांच्या वेळेकडे अधिक लक्ष दिले जाते. लांब हातांचा खेळाडू बचावपटूस शरीरापासून दूर ठेवू शकतो, म्हणून टॅकलच्या निवडीत हातांच्या लांबीस महत्त्व असते.

महाविद्यालयीन स्तरावर आउटलँड ट्रॉफी १९४६ पासून उत्कृष्ट लाइनमनला दिली जाते. ती आक्रमण व बचाव दोन्ही बाजूंच्या खेळाडूंसाठी आहे. २०१५ पासून दिला जाणारा जो मूर पुरस्कार मात्र एका खेळाडूस न देता संपूर्ण फळीस दिला जातो. पहिल्या वर्षी तो अलाबामा विद्यापीठाच्या फळीस मिळाला. फळीचे काम हे मूलतः सामूहिक आहे, या दृष्टीने हा पुरस्कार वैशिष्ट्यपूर्ण आहे.

आकडे वापरताना घ्यावयाची काळजी

वर सांगितलेल्या मापांपैकी कोणतेही एक माप स्वयंपूर्ण नाही. सॅक-दरात क्वार्टरबॅकचा, धावांच्या सरासरीत धावपटूचा, विजय-दरात ठरावीक कालमर्यादेचा आणि गुणांकनात पाहणाऱ्याच्या अंदाजाचा वाटा असतो. म्हणून एखादा आकडा वाचताना तो नेमके काय मोजतो, त्यात कोणाकोणाचे काम मिसळले आहे, किती चालींवरून तो काढला आहे आणि समोर कोणता प्रतिस्पर्धी होता, हे प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. भिन्न पद्धतींनी काढलेली मापे एकाच दिशेने निर्देश करीत असतील, तर निष्कर्ष बराचसा भक्कम मानता येतो. ती परस्परविरोधी असतील, तर त्या विरोधाचे कारण चित्रफितीत शोधावे लागते आणि बहुधा तेथेच फळीच्या खऱ्या कामाचा उलगडा होतो.